टर्बो बसवू की इंजिनच बदलू?

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात भाच्याने एक काँटेसा, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची जुनी कार, घरी आणली. आणली म्हणजे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. एका जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांआड ती बरीच वर्षं उभी होती. एअर फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदरांनी कापसाची चांगली जाड गादी केलेली आणि त्यात दोन पिल्लं. आमच्या ताईने ती पिल्लं पाहिली आणि गाडीवरचा तिचा उरलासुरला विश्वासही गेला.

भाच्याचं लक्ष मात्र मोबाइलमध्ये. अमेरिकेतला कुणी माणूस घरामागच्या शेडमध्ये माझदा मियाटा नावाच्या छोट्या स्पोर्ट्स कारला टर्बो लावतो, दुसरा त्याच गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन कोंबतो आणि दोघेही वीस मिनिटांच्या व्हिडिओत गाडी धुरळा उडवत बाहेर काढतात. "मामा, टर्बो बसवू का इंजिनच दुसरं टाकू? सांगा ना एकडाव." मी मोटर मेकॅनिकचा आयटीआय केलेला, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच ताटात पडतात. हल्ली त्याचे मित्रही तेच विचारायला लागलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

काँटेसाला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. चार दारं, मागे तिघं ऐसपैस बसतील अशी सीट. पण बॉनेट लांब, ताकद मागच्या चाकांना, आणि ज्याच्या दारात ती उभी असते तो तिला दुसरं काही म्हणूच देत नाही. मियाटा असो, गोव्यात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म असो की ही काँटेसा, पुढचं गणित सगळ्यांना सारखंच.

इंजिन खातं काय?

इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून कितीतरी जास्त ते हवा खातं. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एका लिटर पेट्रोलला अंदाजे ९,००० लिटर हवा. फवारणीचं पाणी ठेवतो तो २०० लिटरचा निळा ड्रम डोळ्यांसमोर आणा. एका लिटरमागे असे ४५ ड्रम.

पेट्रोल जास्त घालणं अवघड नाही. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणारं भांडं, त्याचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा केला की झालं. पण हवा तेवढीच राहिली तर जास्तीचं पेट्रोल जळत नाही, काळा धूर होऊन निघून जातं. चुलीत लाकडं खच्चून भरली आणि फुंकणी हाती घेतलीच नाही तर घरभर जे होतं, तेच.

काँटेसाचं इंजिन १.८ लिटरचं, म्हणजे चारही सिलिंडर मिळून १.८ लिटर जागा. फोर स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांत ही जागा एकदा भरते. मिनिटाला ५,००० फेरे झाले तर कागदावर ४,५०० लिटर हवा आत जायला हवी. वाटेत फिल्टर, कार्बोरेटर, व्हॉल्व्ह असे अडथळे असतात, म्हणून जुन्या इंजिनात प्रत्यक्षात त्याच्या ७५-८० टक्केच जाते.

ताकद वाढवायची म्हणजे मिनिटाला जास्त हवा आत घालायची. कापूस भरताना तुम्ही गड्याला गाडीवर चढवून पायांनी तुडवायला लावता, की मोठी गाडी बोलावता? त्याच जागेत दाबून भरणं हा टर्बो. जागाच मोठी आणणं म्हणजे इंजिन बदलणं. तुडवताना बाजूच्या फळ्या किती जुन्या आहेत हे बघावं लागतं, आणि मोठी गाडी बोलावली तर ती वाड्याच्या दारातून आत येते का हे बघावं लागतं. दोन्ही बाजूंची सगळी भानगड या दोन वाक्यांत आहे, बाकी तपशील.

टर्बो: धुराने हलणारा भाता

इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू प्रचंड गरम असतो. पेट्रोल इंजिन पूर्ण रेटलं तर ८०० ते ९०० अंश. एरवी ही सगळी ऊर्जा सायलेन्सरमधून वाऱ्यावर जाते. टर्बोत त्या वाटेवर एक पात्यांचं चाक बसवलेलं असतं आणि हा वायू ते फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबतं. लोहाराचा भाताच समजा, फक्त तो हलवायला माणूस बसवावा लागत नाही, भट्टीचा धूरच तो हलवतो. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५चं.

आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना हे यंत्र पुस्तकाशिवाय कळलेलं आहे. लांबून आलेली गाडी ढाब्यावर लावली तरी मुरलेला ड्रायव्हर एक-दोन मिनिटं इंजिन स्लोवर ठेवतो, मगच बंद करतो. कारण तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद पडलं की तेल थांबतं, दांडा मात्र अजून तापलेलाच असतो. आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो आणि पुढच्या वेळी तोच बेअरिंग खातो.

दोन शब्द इथेच सांगून ठेवतो. बूस्ट म्हणजे टर्बो बाहेरच्या हवेच्या वर किती दाब देतो ते. बाहेरचा दाब साधारण १ बार असतो, त्यामुळे अर्धा बार बूस्ट म्हणजे एकूण दीडपट दाब. वेस्टगेट म्हणजे पाटाचं दार. दाब ठरलेल्या पातळीला पोचला की जास्तीचा जळका वायू चाकाला टाळून बाजूने सोडून देणारी झडप.

मग दाब दिला की ताकद, एवढंच ना?

सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, हे लहानपणी सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. हवा दाबली की तापते. मे महिन्यात अकोल्याला, चंद्रपूरला ४५ अंश काही नवल नाही. त्या हवेला अर्धा बार बूस्ट दिला आणि टर्बोचा हवा दाबणारा भाग ७० टक्के कार्यक्षम धरला, तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या घरात जाते. चहाच्या आधणाइतकी. गरम हवा विरळ असते. म्हणून दाब दीडपट झाला तरी हवेचं वजन दीडपट होत नाही, सव्वापटीच्या जरा वर येऊन अडकतं. मध्ये इंटरकूलर बसवला, म्हणजे हवा थंड करणारी रेडिएटरसारखी जाळी, आणि हवा ६० अंशांपर्यंत उतरवली, तर तोच आकडा १.४च्या वर जातो. थंड देशातल्या शेडमधला व्हिडिओ आपल्या उन्हाळ्यात जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळे.

ताकद कमी मिळाली एवढंच असतं तर चाललं असतं. खरी पंचाईत आहे नॉकिंगची.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आधी दाबलं जातं, मग प्लगची ठिणगी ते पेटवते. आग प्लगपासून कडेपर्यंत शिस्तीत पसरायला हवी. मिश्रण फार दाबलं गेलं, फार तापलं, तर आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. आतून कुणी हातोडी मारतंय असा टणटण आवाज येतो. जुनी गाडी चढावर टॉप गिअरमध्येच रेटली की ऐकू येतो, तोच हा. साध्या इंजिनात हे थोडा वेळ खपून जातं. टर्बोच्या दाबाखाली मात्र हीच नॉकिंग पिस्टनच्या डोक्याला भोक पाडते, रिंगांमधल्या कडा तोडते, हेड गॅसकेट फाडते. त्यासाठी तिला महिने लागत नाहीत. एका दमात मारलेलं ॲक्सिलरेटर पुरतं.

यावर कंपन्यांचा जुना उपाय म्हणजे कॉम्प्रेशन रेशो खाली आणणं. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पटीने आकुंचन पावते त्याचा हा आकडा. टर्बो हवा आधीच दाबून देणार असेल तर पिस्टनने कमी दाबावी, असा साधा हिशेब. १९७५च्या पोर्शे ९११ टर्बोत हा आकडा ६.५ इतका खाली होता. त्याची किंमत अशी की टर्बोला वेग येईपर्यंत इंजिन मंद, आणि मग वळणाच्या मध्यावर अचानक पाठीत लाथ. या उशिराला टर्बो लॅग म्हणतात. त्या पोर्शेने याच कारणाने नाव कमावलं आणि घालवलंही.

ज्यांनी कॉम्प्रेशन कमी केलं नाही त्यांची गोष्ट जास्त मजेदार आहे. १९६२मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. टर्बोसह विकल्या गेलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी ही एक. ३.५ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, २१५ अश्वशक्ती. कॉम्प्रेशन रेशो कंपनीने १०.२५ ठेवला आणि नॉकिंग थोपवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडायची सोय केली. लोक ती टाकी भरायला विसरत. तक्रारी इतक्या झाल्या की पुढे कंपनीने अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला. ही पदरी इंजिनिअरांची फौज असलेल्या कंपनीची गत. आपल्याकडे फौज म्हणजे भाचा आणि त्याचा एक मित्र.

"पण आता ई-२० पेट्रोलचा ऑक्टेन जास्त आहे ना?"

हे भाच्याने वाचूनच ठेवलं होतं, आणि तो बरोबर आहे. पेट्रोल आपोआप न भडकता किती दाब सोसतं त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. बीएस-६च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन लागायचा, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ९५ ठरवलेला आहे. या एका बाबतीत इथेनॉल टर्बोच्या पारड्यात पडतं.

पण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो. तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जेट जुनाच राहिला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, आणि बूस्टखाली लीन मिश्रण म्हणजे नॉकिंगला आवतन. शिवाय त्या काळच्या गाडीतले रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे डायफ्रॅम या इंधनासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, तडकतात. आणि टर्बोचं लाल झालेलं लोखंड त्यांच्यापासून वीतभर अंतरावर असतं. टर्बो नाही बसवला तरी हे पाइप मात्र आधी बदला.

"ट्रॅक्टरला टर्बो चालतो, मग कारला काय धाड भरली?"

हा आक्षेप पारावरचा. ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते आणि डिझेल अगदी शेवटी फवारलं जातं. ते आपोआप पेटावं हीच तिथे अपेक्षा असते, त्यामुळे वेळेआधी भडकण्यासारखं आत काही नसतंच. शिवाय त्याचा क्रँक, पिस्टन, ब्लॉक सगळं आधीपासून जाड. आणि ट्रॅक्टरला टर्बो कंपनीने मोजूनमापून दिलेला असतो.

कार्बोरेटरचं काय करायचं?

भाच्याच्या काँटेसाला कार्बोरेटर आहे आणि व्हिडिओतल्या मियाटाला इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणारी तोटी. हा फरक तो सोडूनच देत होता. टर्बोने कार्बोरेटरमधून हवा दाबायला घेतली की तो दाब कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या भांड्यावरही (ज्यात फ्लोट, म्हणजे पोकळ तरंगता गोळा असतो) पोचवावा लागतो, नाहीतर पेट्रोल वर चढण्याऐवजी मागे रेटलं जातं. जुना यांत्रिक पेट्रोल पंप फार थोडा दाब देतो. अर्धा बार बूस्टसमोर तो टिकत नाही. पोकळ फ्लोट दाबाने चेपल्याची उदाहरणंही आहेत. नीट करायचं तर इंजेक्टर, सेन्सर, जास्त दाबाचा पंप आणि ते सगळं सांभाळणारा इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, आणि तो त्या इंजिनाला जुळवून देणारा माणूस लागतो. तसा माणूस पुण्या-मुंबईत, बंगळूरला सापडतो.

शिवाय तेल नेणारा पाइप, तेल परत आणणारा जाड पाइप (तो उतारावरच हवा, कारण तेल नुसत्या वजनाने खाली येतं), जळका वायू टर्बोपर्यंत नेणारा ओतीव लोखंडाचा नवा मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठा रेडिएटर, जाड क्लच प्लेट. नुसता टर्बो स्वस्त पडतो. बैल घेतला म्हणजे गोठा, चारा, नाल सगळंच आलं.

आधी तब्येत बघा

एवढं ऐकूनही ज्याला टर्बोच हवा त्याला मी एकच काम सांगतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. भाच्याच्या गाडीचं आम्ही हे केलं. त्याआधी उंदरांचं घर रिकामं केलं, टाकी धुतली, नवी बॅटरी लावली, आणि तिसऱ्या दिवशी ती खोकत, शिंकत एकदाची सुरू झाली. गेजवर पहिला १५०, दुसरा १४८, चौथा १४५ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप). तिसरा ११०.

तिसऱ्यात मग चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा सेल्फ मारला. दाब वाढला तर पिस्टनभोवतीची रिंग गेलेली, कारण तेल फटी बुजवतं. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. आकडा ११०वरून १३५वर गेला. ऑइलचं झाकण काढून तळहात धरला तर इंजिन फूक मारत होतं, म्हणजे दाब पिस्टनच्या कडेने निसटून तेलाच्या भांड्यात उतरत होता. भाचा गेजकडे बघत राहिला, जसा काही तो चुकीचा असेल. "दुसरं गेज आणू का?" असंही म्हणाला.

ज्या इंजिनाला स्वतःची हवा धरवत नाही त्याला वरून टर्बोची हवा देणं म्हणजे फाटक्या पोत्यात तुडवून कापूस भरणं.

इंजिन बदलणं: ही विद्या आपल्याला नवी नाही

टर्बो ऐकला की गावातले जुने मिस्त्री मान हलवतात, पण इंजिन बदलायचं म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. कारण हे त्यांनी आयुष्यभर केलंय. पेट्रोल पिणाऱ्या जुन्या जीपमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन टाकायचं, ॲम्बेसेडरमध्ये टाकायचं, आणि ती काळी-पिवळी होऊन पंधरा माणसं घेत बाजाराच्या गावाला जायची. उद्देश वेग नव्हता, खर्च होता.

काँटेसाचं स्वतःचं चरित्रही तेच सांगतं. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली ही गाडी हिंदुस्तान मोटर्सने १९८४च्या सुमाराला आणली तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरचंच १,४८९ सीसीचं इंजिन होतं. जेमतेम ५० अश्वशक्ती, एवढ्या जड गाडीला. नवरदेव हत्तीएवढा आणि घोडी शिंगराएवढी. पुढे काही वर्षांत कंपनीने त्याजागी जपानच्या इसुझूचं १,८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला, ताकद ८८च्या आसपास गेली, आणि लोक जिची आठवण काढतात ती काँटेसा खरं तर तेव्हा जन्मली. तेच इसुझू इंजिन पुढे ॲम्बेसेडरलाही मिळालं.

परदेशात याची थोर उदाहरणं आहेत. १९६२मध्ये अमेरिकेचे शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी एस या हलक्या गाडीत अमेरिकन फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्मली. तेच सूत्र १९६४मध्ये सनबीम टायगरला लावलं. तिथे जागा इतकी अपुरी होती की एक स्पार्क प्लग काढायला गाडीच्या आत बसून पायांजवळच्या पत्र्यातलं झाकण उघडावं लागे. मला ही गोष्ट फार आवडते. कारखान्यात बनलेल्या गाडीत हे होतं, तर आपल्या शेडमध्ये काय काय होईल याची कल्पना येते.

व्हिडिओतला मियाटावालाही असाच. १९९७च्या कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारबरोबर आलेलं ५.७ लिटरचं एलएस-१ इंजिन ॲल्युमिनियमचं, आकाराला आटोपशीर, ३४५ अश्वशक्तीचं. त्याच्या जातभाईंची तिथल्या भंगारात रेलचेल आहे आणि कुठल्या गाडीत कुठलं फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसवायचा आधार, लागतं हे तयार किटमध्ये विकत मिळतं. ते किट या पद्धतीचा अर्धा जीव आहे. आपल्याकडे ते किट म्हणजे यवतमाळच्या एमआयडीसीतला लेथवाला.

आता मोठी गाडी वाड्याच्या दारातून आत येते का, तो प्रश्न. नव्या इंजिनाचं तेलाचं भांडं खालच्या आडव्या दांडीला अडतं. गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही, म्हणून मध्ये जाड पत्र्याची प्लेट कापावी लागते, आणि तिची भोकं केसाएवढी जरी सरकली तरी गिअरबॉक्सची बेअरिंग पुढे ओरडायला लागते. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद मागे नेणारा लांब दांडा, लांब किंवा आखूड करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरचा, रेशो जुन्या इंजिनाच्या स्वभावाला धरून निवडलेला असतो. डिझेल इंजिन टाकलेल्या जीपा ६० पुढे बोंब मारायच्या त्या याच कारणाने. नव्या गाडीचं इंजिन घेतलं तर त्याच्यासोबत त्याचं संपूर्ण वायरिंग, ईसीयू आणि चावीतली चिपसुद्धा लागते. नाहीतर सगळं बसवून झाल्यावर ते सुरूच होत नाही. हे मी एका गॅरेजमध्ये स्वतः पाहिलंय. इंजिन नवंकोरं, फाउंडेशन सुबक, आणि मिस्त्री वायरींच्या गुंत्यापुढे तंबाखू मळत बसलेला.

इंजिन जड असेल तर नाक जड होतं, वळताना गाडी सरळ जायला बघते. शंकरपटाच्या छकड्याला ओढकामाची धिप्पाड जोडी जुंपा आणि बघा. जू, आख, चाकं, काहीच त्यांच्या मापाचं नसतं.

तरीही दोन्हींत निवडायचं तर माझं मत इंजिन बदलण्याच्या बाजूने पडतं. कारखान्यातून आलेलं दुसरं निरोगी इंजिन त्याच्या ताकदीसाठी बनलेलं असतं, त्याचे पिस्टन आणि बेअरिंग त्या हिशेबाने केलेले असतात. एकदा नीट बसलं की ते रोज चालतं. घरी लावलेला टर्बो रोज कान देऊन ऐकावा लागतो.

"थांबायचं पुढच्या पुढे बघू"

हे वाक्य मी खरंच ऐकलंय. वेग ८०वरून १२० केला, म्हणजे दीडपट, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची परवानगी आहे आणि ४५ अंशांत तापलेल्या त्या रस्त्यावर टायर आधीच हाय खाऊन असतात. आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर तर ८०ला गेलात की वळणापलीकडे म्हैस ठरलेली. ब्रेक, टायर, शॉकअप आधी. इंजिनाचं नाव नंतर काढा.

"आरटीओला कोण सांगायला जातंय?"

इथे टर्बोवाले गालात हसतात, कारण इंजिन नंबर तोच राहतो. पण १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार मालकाला अशा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

"मग सीएनजी, एलपीजी कसं चालतं?" कारण इंधनाचा प्रकार बदलायची वाट त्याच कलमात ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त किट बसवा आणि आरसीवर नोंद करा. बॅटरीचं किटही त्यातच येतं. जास्त ताकदीसाठी दुसऱ्या कंपनीचं इंजिन त्यात बसत नाही. आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवताना निरीक्षक बॉनेट उघडून इंजिन आणि चेसीचा नंबर बघतोच. आरसीवर एक आणि ब्लॉकवर दुसरा निघाला की ते इंजिन कुठून आणलं इथपासून चौकशी सुरू. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला हे कारण पुरतं. माणूस जखमी झाला असेल तर नुसत्या दंडावर सुटत नाही.

गाडी फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायची, रस्त्यावर कधीच नाही, असं ठरवणारेही आहेत. त्यांना कोइम्बतूर, चेन्नई किंवा नोएडाला गाडी ट्रकवर घालून न्यावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातून ते परवडणारा माणूस मला विचारायला येणार नाही.

मग भाच्याने काय केलं

मी त्याला तिसरा रस्ता सांगितला, जो व्हिडिओत कुणी दाखवत नाही. आहे तेच इंजिन फुल, म्हणजे पूर्ण नव्यासारखं, करायचं. बोअर, म्हणजे सिलिंडर आतून तासणं, नवे पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह घासून बसवणं, नवे बेअरिंग, कार्बोरेटर ई-२० सोसेल अशा रबराने भरून नवा जेट. घसरलेल्या इंजिनाला त्याची मूळची ८८ अश्वशक्ती परत मिळाली तरी चालवणाऱ्याला नवी गाडी मिळाल्यासारखं वाटतं. तेही नंबर, आरसी, विमा काहीही न हलता. ब्लॉक फारच गेला असेल तर त्याच जातीचं दुसरं इसुझू इंजिन शोधायचं, बिलासकट, आणि बसवण्याआधी आरटीओला अर्ज करायचा.

भाचा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत नखाला लागेल अशी रेघ निघाली. ब्लॉक पिकअपमध्ये टाकून तो यवतमाळला लेथवाल्याकडे गेला आणि तिथून त्याचा फोन आला. मागे मशिनचा घरघर आवाज.

"मामा, बोअर वाढवाच लागन म्हणते. मंग एक ईचारू का? पिस्टन नवे टाकतोच हाय, तं कमी कॉम्प्रेशनवाले टाकू का? म्हणजे पुढं कधी टर्बो..."

मी फोन ताईकडे दिला.